आगगाडीतला चहा : विस्तवाविना



आजचा विषय अगदी घरगुती आहे. लांबच्या प्रवासाला निघाले म्हणजे आगगाडीत चांगला चहा कसा करावा, एवढाच प्रश्न. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? फलाटावर चहावाला येतो, पैसे द्यावे, कप घ्यावा. खरे आहे. पण ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसे आहेत, ज्यांना साखर वर्ज्य आहे, ज्यांना पहाटे चार वाजता चहा लागतो, त्यांना विचारा. या साध्या प्रश्नात थोडे पदार्थविज्ञान आहे, थोडा इतिहास आहे, आणि शेवटी माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. म्हणून हा विषय घेतला.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला लांबचा प्रवास नवा नाही. 2024 साली जिल्ह्याचे नाव बदलले, तरी जुनी माणसे अजून ‘नगर’च म्हणतात; मीही सवयीने तसेच म्हणेन. दौंड-मनमाड हा लोहमार्ग 1878 साली सुरू झाला. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळाच्या दिवसांतच तो बांधला गेला. दक्षिणेकडून येणारी गाडी दौंडला वळते आणि नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव करीत मनमाडला मुख्य मार्गाला मिळते. याच मार्गाने पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्सप्रेस जाते, हावड्याची आझाद हिंद जाते, बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस जाते. नगरला रणगाडा दलाचे मोठे शिक्षणकेंद्र असल्यामुळे फलाटावर लष्करी ट्रंका नेहमी दिसतात. रजेवर निघालेला जवान, काशीला निघालेली आजी, सहलीला निघालेली शाळा, यांपैकी कोणाचाही प्रवास एका दिवसात संपत नाही. झेलमने जम्मू गाठायचे तर दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात.

चहा आणि आगगाडी यांचे नातेही जुने आहे. चहा या देशात पिकू लागला, तरी सामान्य माणूस तो पीत नव्हता. 1903 साली बाहेर जाणाऱ्या चहावर एक उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. गिरण्या, कारखाने आणि रेल्वेची मोठी जंक्शने ही प्रचाराची ठिकाणे ठरली. फेरीवाल्यांना किटल्या, कप आणि चहाच्या पुड्या पुरवल्या गेल्या. पाणी खळखळून उकळावे, पत्ती मोजून घालावी, दूध-साखर बेताने घालावी, असे प्रचारकांचे सांगणे. आपल्या लोकांनी ते ऐकून घेतले आणि केले मात्र स्वतःच्या मनाप्रमाणे : दूध भरपूर, साखर भरपूर, वर आले आणि वेलदोडा! त्या काळी स्टेशनांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ असे वेगळे पुकारे होत. आज ते ऐकू येत नाहीत, ही समाधानाची गोष्ट. एकाच किटलीतला चहा सारा डबा पितो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरी चहा करताना आपण विस्तव, पाणी, पत्ती, दूध आणि साखर या पाच गोष्टी वापरतो. गाडीत यांपैकी पहिली गोष्ट नाही. ती नाही, आणि असताही कामा नये. याचे कारण पुढे सांगेन. मग विस्तवाविना चहा करायचा तर विस्तवाचे काम घरीच उरकून, त्याची उष्णता बरोबर न्यावी लागते. हे काम करतो थर्मास.

थर्मासची मूळ कल्पना जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने 1892 साली काढली. त्याला चहा गरम ठेवायचा नव्हता; प्रयोगशाळेतील अतिशय थंड द्रव थंडच राहावेत म्हणून त्याने दुहेरी भिंतीचे भांडे केले आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. उष्णता तीन वाटांनी जाते. पळीचा दांडा तापतो, ती पहिली वाट, वहन. पातेल्यातले तळचे पाणी तापून वर येते, ती दुसरी, अभिसरण. चुलीसमोर बसले की अंगाला धग लागते, ती तिसरी, प्रारण. पहिल्या दोन वाटांना मधे काही पदार्थ लागतो. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये हवाच जवळजवळ नसल्यामुळे त्या वाटा बंद होतात. भिंत आरशासारखी चकचकीत असली की तिसरी वाटही बरीचशी अडते. उरते ते तोंड. उष्णता जाते ती मुख्यतः तोंडाशी, बुचातून. म्हणून बूच घट्ट हवे आणि ते उगाच पुनःपुन्हा उघडू नये.

यावरून थर्मास भरण्याचे दोन नियम निघतात. पहिला नियम असा, की थर्मास आधी तापवून घ्यावा. त्यात उकळते पाणी ओतून पाच मिनिटे ठेवावे, ते ओतून द्यावे, आणि मग प्रवासाचे पाणी भरावे. असे न केल्यास थंड भांडे आपल्याच पाण्याची उष्णता पिऊन टाकते. दुसरा नियम असा, की थर्मास बुचापुरती जागा सोडून पूर्ण भरावा. अर्ध्या भरलेल्या थर्मासमध्ये उष्णतेचा साठा निम्मा असतो, पण बाहेर जाणारी उष्णता काही निम्मी होत नाही. म्हणून ते पाणी लवकर निवते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. सारखे दोन थर्मास घ्यावेत, एक पूर्ण भरावा, एक अर्धा. दर दोन तासांनी तापमापक बुडवून आकडे फळ्यावर लिहावेत. काय होईल ते मुलांना आधी सांगू द्यावे, मग मोजू द्यावे.

पाण्याविषयी दोन शब्द. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभर अंशांना नव्हे, तर 98 अंशांच्या आसपास उकळते. चहाला त्याने काही बिघडत नाही. खरी अडचण आहे ती जड पाण्याची. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरी आणि बोअर काळ्या खडकातल्या आहेत, आणि त्यांच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. अशा पाण्याच्या चहावर एक पातळ तेलकट दिसणारी साय येते, रंग मळकट होतो. ते तेल नव्हे. चुना आणि चहातली द्रव्ये यांचा तो थर असतो. उपाय सोपा आहे. पाणी चांगले उकळावे, थोडे स्थिर होऊ द्यावे, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून वरचे पाणी निवळून घ्यावे आणि पुन्हा उकळी आणून थर्मासमध्ये भरावे. गवती चहा किंवा आले आवडत असेल, तर ते या दुसऱ्या उकळीत टाकून गाळून घ्यावे. म्हणजे स्वाद पाण्याबरोबरच प्रवासाला येतो.

आता सर्वांत मोठी चूक सांगतो. ती मी स्वतः केलेली आहे. पुष्कळजण घरी तयार केलेला दुधाचा चहा, किंवा नुसते गरम दूध, थर्मासमध्ये भरून नेतात. एकदा आईला घेऊन उत्तरेकडे निघालो होतो. रात्री दूध तापवून थर्मासमध्ये भरले. सकाळी बूच उघडले तो आंबट वास! आई काही बोलली नाही, “असू दे रे,” एवढेच म्हणाली. पण चहावाचून तिचे डोके दुपारपर्यंत दुखत होते. असे का झाले? दूध तापवल्याने बहुतेक जंतू मरतात, पण काही चिवट जंतूंची बीजे उरतात. थर्मास दुधाला हळूहळू निववतो. साठ अंशांच्या खाली आले की ते तासन् तास कोमट राहते, आणि कोमट दूध म्हणजे जंतूंचे माहेरघर. ज्या गुणासाठी आपण थर्मास घेतो, तोच गुण इथे घात करतो. तयार चहाचेही तसेच. तास-दोन तास ठीक; पुढे पत्तीतली द्रव्ये काळवंडतात, दुधाला शिजलेला वास येतो आणि चव तुरट होते.

म्हणून नियम असा : थर्मासमध्ये फक्त पाणी, दूध, पत्ती, साखर वेगवेगळी. दुधासाठी दुधाची पूड न्यावी, किंवा टिकाऊ दुधाचे लहान बंद खोके. खोके फोडले की ते तेव्हाच संपवावे.

पत्ती कोणती घ्यावी? आपण रोज वापरतो ती दाणेदार चहापूडच गाडीत उत्तम. पाने चिरडून, फाडून, वळवून तिचे बारीक दाणे केलेले असतात. ही यंत्रपद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. दाणा बारीक म्हणजे पाण्याला लागणारा पृष्ठभाग मोठा, म्हणून अर्क झटपट उतरतो. थर्मासचे पाणी उकळते नसते, तेव्हा हा गुण उपयोगी पडतो. अख्ख्या पानांच्या चहाला इतके गरम पाणी गाडीत मिळणार नाही.

घरूनच लहान पुरचुंड्या बांधून न्याव्यात. जुन्या मलमलीचे धुतलेले तुकडे घ्यावेत, पण साबणाचा वास राहता कामा नये. प्रत्येकात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम पूड घालून दोऱ्याने बांधावे. पुरचुंडी सैल बांधावी, कारण पूड भिजून फुगते; आवळून बांधली तर मधली पूड कोरडीच राहते. बाजारच्या तयार पुड्याही चालतात. दुसऱ्या डबीत साखर, त्यात थोडी वेलदोड्याची पूड किंवा सुंठ. साखर वर्ज्य असलेल्यांसाठी सुंठीची पूड वेगळी ठेवावी. तिसऱ्या डबीत दुधाची पूड.

आता कृती. गाडी स्टेशनात उभी असताना, किंवा सरळ मार्गावर संथ चालली असताना, कपात पाऊण कपभर गरम पाणी घ्यावे. त्यात पुरचुंडी सोडून वर बशी झाकावी. चार मिनिटे हात लावू नये. चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तर शंभर मिलीलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे, असे माप आहे. आपल्याला चार पुरेत. तेवढ्यात दुसऱ्या फुलपात्रात दोन चमचे दुधाची पूड घेऊन तीत चमचा-दोन चमचे कोमट पाणी घालून पिठल्याच्या पिठासारखी कालवावी. पूड एकदम गरम पाण्यात टाकली तर गुठळीचा वरचा थर लगेच भिजून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही, आणि गोळे तरंगत राहतात. पुरचुंडी काढून टाकावी, मग कालवलेले दूध आणि साखर घालून ढवळावे. दूध नेहमी शेवटी घालावे. आधी घातले तर पाणी निवते आणि अर्क उतरत नाही. दूध घातल्याने चहाचा तुरटपणा कमी होतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे. ती चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात.

एक लिटरच्या थर्मासमध्ये दीडशे मिलीलिटरचे सहा कप होतात. पहिल्या पाच-सहा तासांत चहा करून घ्यावा. पुढे पाणी उतरले की एका कपाला दीड पुरचुंडी आणि सहा मिनिटे लावावीत. त्याहून निवलेल्या पाण्यात चहा फिका होतो. तिथे विरघळणारी कॉफी बरी, कारण तिचा अर्क आधीच काढलेला असतो, तिला फक्त विरघळायचे असते. गाळणीच्या कॉफीची आवड असेल, तर घरीच दाट काळा अर्क काढून लहान बाटलीत न्यावा आणि त्याच दिवशी संपवावा. वाटेत मोठ्या स्टेशनवर चहाच्या दुकानी किंवा गाडीच्या रसोई-डब्यात विनंती करून थर्मास पुन्हा भरून घेता येतो. मात्र समोर उकळलेले पाणीच घ्यावे. नळाचे कोमट पाणी नको.

गाडी हिसका देते, हे विसरू नये. कप कधी काठोकाठ भरू नये, मूल मांडीवर असताना ओतू नये, वरच्या बर्थवर कप देऊ नये. चुकून भाजलेच तर त्या जागेवर साधे थंड पाणी वीस मिनिटे धार धरून सोडावे. हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. आणि उरलेला चोथा हात धुण्याच्या भांड्यात टाकू नये, तिथे तो तुंबतो. कागदात गुंडाळून कचरापेटीत टाकावा.

आता, विस्तव का नको, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी उत्तरेला निघालो होतो. आमच्या शेजारी एक मोठे कुटुंब होते. पहाटे त्यांतल्या आजींनी बाकाखालून लहानसा स्टो काढला, चार चपला भोवती लावून आडोसा केला आणि काडी ओढली. बाळाचे दूध तापवले, मग चहाचे आधण ठेवले. माझी मुले कौतुकाने पाहत होती. आजींनी मला हाक मारली, “गुरुजी, घ्या की घोटभर. घरच्यासारखा आहे.” मी म्हणालो, “आजी, तुम्ही कशाला त्रास घेतला,” आणि कप घेतला. चहा खरोखर सुरेख होता. काही झाले नाही. आम्ही सुखरूप पोचलो, आणि मी ती गोष्ट पुढे पुष्कळांना गंमत म्हणून सांगितली.

26 ऑगस्ट 2023 रोजी पहाटे तमिळनाडूत मदुराई स्टेशनच्या आवारात उभ्या असलेल्या एका यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. यात्रेकरू लखनौकडून आले होते. डब्यात नियमाविरुद्ध आणलेला गॅसचा सिलिंडर होता आणि त्यावर सकाळचा चहा करायला घेतला होता. नऊ माणसे गेली. ती बातमी वाचली आणि मला आजींचा चहा आठवला. आमच्या डब्यात काही झाले नाही, ते आमच्या हुशारीमुळे नव्हे. ज्या अर्थी मी शिक्षक होतो आणि तीसेक मुले माझ्या भरवशावर होती, त्या अर्थी ‘नको’ म्हणणे माझे काम होते. मी भिडेखातर गप्प बसलो.

डब्यात आग किती वेगाने पसरते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. 16 ऑक्टोबर 2023 रोजी आष्टीहून नगरकडे येणाऱ्या गाडीला आग लागली आणि पाच डबे जळाले. प्रवासी वेळेवर खाली उतरले म्हणून जीवितहानी टळली. आणि आगीचे नुसते नावही किती घातक असते, ते 22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनजवळ दिसले. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. घाबरलेल्या प्रवाशांनी साखळी ओढून रुळांवर उड्या टाकल्या, आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली दहाहून अधिक माणसे सापडली. आग मुळात नव्हतीच. गाडीत विस्तव पेटवणारा माणूस आग लावण्याचा धोका तर पत्करतोच, पण भीतीलाही जागा करून देतो.

कायदाही स्पष्ट आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 164 प्रमाणे गॅस, घासलेट, पेट्रोल यांसारखे धोक्याचे पदार्थ डब्यात नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नुकसानीची भरपाई वेगळी. कोणी म्हणेल, विजेची किटली तर चालेल? तीही नको. डब्यातली खुंटी मोबाइल आणि संगणक भारित करण्यापुरती केलेली आहे. पाणी उकळणारी किटली तिच्याहून कितीतरी पट वीज ओढते. तारा तापतात, आणि ठिणगी पडायला तेवढे पुरते. डब्यात कोणी शेगडी पेटवताना दिसले तर आधी गोडीने सांगावे. ऐकले नाही तर तिकीट तपासनिसास सांगावे, किंवा 139 या क्रमांकावर कळवावे. यात चहाडी नाही, शेजारधर्म आहे.

परंतु, श्रोतेहो, नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. त्या आजींना बाळाचे दूध हवे होते, घरच्यासारखा चहा हवा होता. ती गरज खोटी नव्हती. त्यांना कोणी सांगितले असते की एक चांगला थर्मास, चार पुरचुंड्या आणि दुधाची पूड यांत ते सारे साधते, तर स्टो घरीच राहिला असता. म्हणून शिक्षकांना माझी विनंती, की सहलीच्या आधीच्या शनिवारी वर्गात थर्मासचा प्रयोग करा, मुलांकडून पुरचुंड्या बांधून घ्या, एकेक कप चहा करून दाखवा. मुले घरी जाऊन आईला, आजीला सांगतील. पुढे उन्हाळ्यात ती आजी काशीला निघेल, तेव्हा पिशवीत काडेपेटीऐवजी थर्मास जाईल.

मीही आता तसाच निघतो. गेल्या खेपेला मनमाडच्या पुढे गाडी थांबली असता समोरच्या बाकावरच्या मावशींना एक कप करून दिला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, “भाऊ, थोडा फिका आहे.”

मी दुसरी पुरचुंडी सोडली आणि आणखी दोन मिनिटे बशी झाकून ठेवली.